एमसीबी शोधणारे यंत्र आपल्याकडच्या घरांत कितपत चालते?

घरातला एखादा सॉकेट बदलायचा असेल, तर त्याची वीज डीबीतल्या (घरभर वीज वाटणाऱ्या पेटीतल्या) कोणत्या एमसीबीवरून (भार वाढला की आपोआप पडणाऱ्या छोट्या स्विचवरून) येते हे आधी ठाऊक असावे लागते, आणि बहुतेक घरांत नेमके तेच कोणाला ठाऊक नसते. डीबीच्या झाकणावर नोंदीसाठी पट्टी दिलेली असते. ती एक तर कोरी असते, नाही तर बिल्डरच्या वायरमनने तिच्यावर ‘हॉल’, ‘बेड’, ‘किचन’ एवढे खरडून हात झटकलेले असतात. ही उणीव भरून काढण्यासाठी मिळणारे दोन भागांचे एक यंत्र आम्ही ऑनलाइन मागवले आणि जुन्या मालकाकडून घेतलेल्या आमच्या फ्लॅटमध्ये सगळ्या खोल्यांतून फिरवून पाहिले. त्यावर लिहिण्याचे कारण असे, की माहितीपत्रकात वर्णन केलेले घर आणि आपले घर यांत बराच फरक आहे, आणि यंत्राचे गुणदोष त्या फरकातच दिसतात.

यंत्राचे काम समजायला सोपे आहे. ट्रान्समीटर सॉकेटमध्ये लावून बटण चालू केले, की तो त्या तारेतून ठरावीक लयीत, वरच्या वारंवारतेचे अगदी लहानसे स्पंद सोडतो. रिसीव्हर हातात धरून डीबीतल्या एमसीबींच्या रांगेवरून हळूहळू फिरवायचा. तारेभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रावरून तो हे स्पंद ओळखतो. मात्र शेजारच्या एमसीबींपर्यंतही ते थोडेफार झिरपतात, म्हणून पहिली फेरी यंत्राच्या शिकण्यासाठी असते आणि तीत ते जवळजवळ सगळीकडेच वाजते. दुसऱ्या फेरीत ते फक्त सर्वांत जोरकस जागी हिरवा दिवा लावते. पहिल्या फेरीतल्या आवाजावरूनच निकाल लावणाऱ्याचे उत्तर हमखास चुकेल, आणि माहितीपत्रकात ही गोष्ट अगदी बारीक अक्षरांत, शेवटून दुसऱ्या पानावर दिली आहे.

दुसऱ्या फेरीतही गडबड होते आणि तिचे कारण मापात आहे. अमेरिकी घरांतले ब्रेकर साधारण एक इंच रुंद असतात. आपल्याकडचा एकेरी एमसीबी जेमतेम १८ मिलिमीटरचा असतो आणि एकाला एक खेटून बसवलेला असतो. रिसीव्हरचे टोक मोठ्या ब्रेकरचा विचार करून बनवल्यासारखे बोथट आहे. स्वयंपाकघरातल्या ओट्यावरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटला ट्रान्समीटर लावला, तेव्हा रिसीव्हर कधी चौथ्या एमसीबीवर थांबे, तर कधी पाचव्यावर. टोक आडवे न धरता उभे धरल्यावर आणि मधोमध न टेकवता बाहेर जाणारी तार जिथे स्क्रूत शिरते त्या कडेला नेल्यावर उत्तर स्थिर झाले: चौथा. त्याच एमसीबीवर बाल्कनीतले वॉशिंग मशीनही असल्याचे तेव्हा कळले. मिक्सर आणि वॉशिंग मशीन एकाच वेळी लावल्यावर वीज का जाते, याचा उलगडा झाला तो असा. हे करताना डीबीचे प्लास्टिकचे झाकण काढू नये. त्याच्या आत जिवंत पट्ट्या असतात आणि यंत्राला त्याची गरजही नाही.

सॉकेट सोडून बाकीच्या पॉइंटांचे काय, हा प्रश्न आपल्याकडे मोठा आहे. दिवे, पंखे, गिझरची थेट जोडलेली लाइन यांना ट्रान्समीटर लावायला जागाच नसते. खोक्यात दिव्याच्या होल्डरसाठी एक जोड दिलेला आहे, पण तो आट्यांचा. आपल्याकडच्या जुन्या घरांत अजूनही पिनेचे बी-२२ होल्डर असतात, त्यामुळे तो निरुपयोगी ठरतो. इलेक्ट्रिकच्या दुकानात होल्डरमध्ये बसणारा दोन पिनांचा प्लग-जोड अगदी थोड्या पैशांत मिळतो, त्यावर आमचे काम भागले. पंख्यासाठी त्याच बोर्डावरच्या ५ पिनांच्या सॉकेटवरून अंदाज बांधता येतो, पण तो अंदाजच. दुरुस्त्या होत गेलेल्या घरांत एकाच बोर्डावर दोन लाइन आलेल्या असणे मुळीच दुर्मीळ नाही.

इन्व्हर्टर असलेल्या घरांनी मात्र पुढचा मजकूर लक्षपूर्वक वाचावा. बेडरूममधल्या एका सॉकेटसाठी यंत्राने ठामपणे एका एमसीबीवर हिरवा दिवा लावला. तो एमसीबी खाली केला, क्षणभर ट्रान्समीटरचा दिवा लुकलुकला आणि पुन्हा लागला. तो एमसीबी त्या सॉकेटचा नव्हता, तर इन्व्हर्टरला वीज पुरवणारा होता. महावितरणची वीज चालू असते तोवर इन्व्हर्टर ती तशीच पुढे सोडतो, म्हणून स्पंद त्याच्यातून आरपार येतात. वीज तोडली की बॅटरी पुढे होते आणि सॉकेट जिवंतच राहतो. यंत्राची यात चूक म्हणता येणार नाही, कारण त्याने तार बरोबर माग काढत नेली. पण त्याच्या भरवशावर कोणी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला असता, तर परिणाम काय झाला असता हे सांगायला नको. एमसीबी खाली केल्यावर, इन्व्हर्टर बंद केल्यावर आणि त्यानंतर सॉकेटच्या प्रत्येक भोकात टेस्टर घालून पाहिल्यावरच तो सॉकेट मेलेला समजावा. टेस्टर आधी चालू सॉकेटमध्ये घालून त्याचा दिवा लागतो ना, हेही बघून घ्यावे.

ट्रान्समीटरवर अर्थिंग तपासण्याचे एक बटणही आहे. ते दाबताच आमचा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) पडला आणि सगळे घर अंधारात गेले. आरसीसीबी ठीक काम करतो याचा हा पुरावा म्हणून चांगलाच, पण कॉम्प्युटरवर काम करणाऱ्या माणसाला आधी सांगून ठेवावे.

यंत्राशिवायची पद्धत सर्वांना माहीत आहे. सॉकेटला टेबल लॅम्प लावायचा आणि एकेक एमसीबी खाली करत कोणता पडल्यावर तो विझतो ते पाहायचे. एकटे असल्यास लॅम्पऐवजी रेडिओ मोठ्याने लावायचा. तीन खोल्यांच्या फ्लॅटसाठी ही पद्धत पुरेशी आहे, आणि पंखे तर तिच्याशिवाय नक्की सापडतच नाहीत. यंत्राचा खरा फायदा आहे तो, जिथे वीज बंद करून चालत नाही तिथे: दवाखाना, दुकान, कार्यालय, ऑक्सिजनच्या मशीनवर असलेला रुग्ण घरात असेल तर ते घर. सोसायटीच्या वायरमनने एक घेऊन ठेवले, तर सगळ्या इमारतीला उपयोगी पडेल. एका कुटुंबाने एकदाच्या कामासाठी ते विकत घ्यावे असे आम्हाला वाटत नाही.

घ्यायचेच असेल, तर मागच्या बाजूला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेले आहे की नाही ते आधी पाहावे. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवण्याचा मोह अनेकांना होईल, कारण तिथे ही यंत्रे साध्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. पण क्लाइन टूल्सच्या ईटी-३१० सारखे तिथले लोकप्रिय मॉडेल १२० व्होल्टच्या वायरिंगसाठीच बनलेले आहे, आणि पिना बदलणारा साधा जोड व्होल्टेज बदलत नाही. आम्ही घेतलेल्या यंत्राच्या पिनाही युरोपी पद्धतीच्या गोल होत्या, त्या आपल्या ६ अँपिअरच्या सॉकेटात सैल बसत आणि ट्रान्समीटर जरा धक्का लागला तरी निसटे. रिसीव्हरला ९ व्होल्टची बॅटरी लागते. ती खोक्यात नव्हती.