ईस्टसाइड हॉकी मॅनेजर: स्ट्रोम मोठा की मार्नर, हे ताडून पाहायला किती उपयोगी?

आइस हॉकीच्या ओएचएल या ज्युनियर लीगचा २०१४-१५ चा गुणतक्ता आधी डोळ्यांखालून घाला. पहिला डिलन स्ट्रोम, ईरी ऑटर्स, १२९ गुण. दुसरा मिच मार्नर, लंडन नाइट्स, १२६. तिसरा कॉनर मॅकडेव्हिड, पुन्हा ईरीचाच, १२०. या खेळात गुण म्हणजे गोल अधिक असिस्ट, म्हणजे गोलाआधीचा पास. दोन्हींची किंमत सारखीच, आणि एका गोलामागे दोघांना असिस्ट मिळू शकतो. नुसता तक्ता पाहणारा म्हणेल की स्ट्रोम सगळ्यांत भारी. आता सामने मोजा. स्ट्रोम ६८ सामने खेळला, मार्नर ६३ आणि मॅकडेव्हिड फक्त ४७, कारण नोव्हेंबरात मारामारीत त्याच्या हाताचं हाड मोडलं आणि नंतर तो विश्व ज्युनियर स्पर्धेला गेला. सामन्यामागे हिशेब लावला तर स्ट्रोम १.९०, मार्नर २.००, मॅकडेव्हिड २.५५. तक्त्याचा क्रम बरोब्बर उलटा झाला.

मॅकडेव्हिडबद्दल वाद नाही. खरा वाद स्ट्रोम आणि मार्नरचा, आणि ईस्टसाइड हॉकी मॅनेजर हा संगणकावरचा खेळ त्याच वादाच्या कसोटीवर इथे तपासला आहे. खेळ स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्हचा, म्हणजे फुटबॉल मॅनेजर बनवणाऱ्यांचाच. त्यांची पहिली आवृत्ती २००४ ची, आणि स्टीम या ऑनलाइन दुकानात तो २०१५ मध्ये परत आला. गोव्यात बर्फावरची हॉकी पाहणारे थोडे, पण फुटबॉल मॅनेजरवर रात्री जागवणारे भरपूर. त्यांना इथे फारसं नवं शिकावं लागत नाही. तेच एक ते वीस गुणांचे रकाने, तोच दोनशेपैकी मोजलेला सीए म्हणजे आजची कुवत आणि पीए म्हणजे कुवतीची कमाल मर्यादा, आणि तेच पडद्याआडचे गुण: सातत्य, व्यावसायिक वृत्ती, महत्त्वाकांक्षा, दुखापतीची प्रवृत्ती, मोठ्या सामन्यातला खेळ. म्हापशाच्या पेडे मैदानावर टर्फ हॉकी पाहिलेल्यांसाठी एवढंच सांगायचं, की रिंकवर गोलरक्षकासह सहाच जण असतात आणि लहान दंड दोन मिनिटांचा असतो, आपल्या हिरव्या कार्डासारखा. फरक इतकाच की त्या दोन मिनिटांत समोरच्याने गोल केला तर दंड तिथेच संपतो. एक माणूस जास्त असतानाच्या या खेळाला पॉवर प्ले म्हणतात. ज्युनियर खेळाडूच्या गुणांत पॉवर प्लेचा वाटा किती, हे पाहिल्याशिवाय तुलना करूच नये.

स्ट्रोम-मार्नर जोडी या कामाला फार चांगली, कारण दोघांत बऱ्याच गोष्टी समान आहेत. लीग एकच. जन्म १९९७ चाच, स्ट्रोमचा ७ मार्चचा, मार्नरचा ५ मेचा. त्यामुळे ज्युनियर तुलनेतला नेहमीचा घोळ, वयाचा, इथे जवळपास नाहीच. एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली सर्वोच्च व्यावसायिक लीग. तिच्या ड्राफ्टला, म्हणजे क्लबांनी तरुण खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीला, वयाची रेषा १५ सप्टेंबरला आखलेली असते. रशियाचा अलेक्झांडर ओव्हेचकिन १७ सप्टेंबर १९८५ चा, म्हणून दोन दिवसांनी एक अख्खं वर्ष मागे पडला आणि २००३ ऐवजी २००४ च्या ड्राफ्टमध्ये आला. ऑस्टन मॅथ्यूजचंही तसंच झालं, १७ सप्टेंबर १९९७. रेषेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या दोन खेळाडूंचं 'ड्राफ्टचं वर्ष' शेजारी मांडलं तर आपण सुमारे वर्षभराच्या वाढीची तुलना करत बसतो. गावच्या चषकात वयोगटाच्या रेषेमुळे जे होतं, तेच.

वेगळं जे आहे तेही स्पष्ट आहे. स्ट्रोम उंच सेंटर, म्हणजे मधला आक्रमक. २०१३ च्या ओएचएल निवडीत तो दुसरा उचलला गेला. मार्नर लहान चणीचा विंगर, म्हणजे कडेचा आक्रमक, त्याच निवडीत एकोणिसावा. पहिल्या हंगामात मार्नरचे ६४ सामन्यांत ५९ गुण, स्ट्रोमचे ६० सामन्यांत ३९. जाणकारांना स्ट्रोमच्या स्केटिंगबद्दल शंका होती, विशेषतः पहिल्या दोन-तीन पावलांच्या वेगाबद्दल. मार्नरच्या बाबतीत शंका अंगकाठीची होती. २०१५ च्या ड्राफ्टमध्ये ॲरिझोनाने स्ट्रोमला तिसरा घेतला, टोरंटोने मार्नरला चौथा. खेळाचा डेटाबेस २०१५-१६ चा असल्यामुळे सुरुवातीलाच दोघे अठरा वर्षांचे, नुकते ड्राफ्ट झालेले आणि ज्युनियरमध्ये परतण्याच्या उंबरठ्यावर असे हातात येतात. यापेक्षा नेमकी सुरुवात मागूनही मिळाली नसती.

आता मांडणी. नवा खेळ सुरू करताना ओएचएल, एनएचएल आणि एनएचएलच्या खालची एएचएल या तिन्ही लीग निवडा आणि डेटाबेस मोठा घ्या. बहुतेकांची चूक इथेच होते. नुसती एनएचएल निवडली तर ओएचएलचे सामने पूर्ण तपशिलाने खेळवले जात नाहीत, आणि मग ज्युनियरचे जे आकडे हाती येतात त्यांवरून काही ठरवण्यात अर्थ नाही. उलट सगळ्याच लीग टिकमार्क करत गेलात तर साधा लॅपटॉप दिवसागणिक रांगायला लागतो. तीन पुरेत.

प्रशिक्षक म्हणून लंडन, ईरी, टोरंटो किंवा ॲरिझोना घेऊ नका. युरोपातला एखादा दूरचा क्लब घ्या, म्हणजे तुमच्या निर्णयांचा या दोघांवर परिणाम होणार नाही. पहिल्याच दिवशी सेव्ह करा आणि त्या फाइलची वेगळ्या फोल्डरमध्ये प्रत काढून ठेवा. मग 'हॉलिडे'वर जा आणि संगणकाला हंगाम खेळू द्या. हंगाम संपला की दोघांचे सामने, गोल, असिस्ट, पॉवर प्लेमधले गुण, रिंकवरचा वेळ आणि सरासरी रेटिंग एका एक्सेल शीटमध्ये उतरवा. मूळ सेव्ह परत उघडा आणि पुन्हा तेच. अशा किमान दहा फेऱ्या हव्यात, वीस झाल्या तर उत्तम. प्रत्येक वेळी निकाल वेगळा येतो, कारण सेव्ह एकच असली तरी पुढचं नशीब नव्याने ठरतं. एकाच फेरीत स्ट्रोम पुढे आला म्हणून 'खेळाच्या मते स्ट्रोम भारी' असं ठरवणं म्हणजे एका टॉसवरून नाणं खोटं ठरवणं.

यात एक बारकावा फार महत्त्वाचा आहे. डेटाबेसमध्ये तरुण खेळाडूंचा पीए कधी ठरलेला आकडा असतो, तर कधी ऋण आकडा. ऋण आकडा म्हणजे एक पट्टा. नवा खेळ सुरू करता त्या क्षणी त्या पट्ट्यातून कुठला तरी एक पीए उचलला जातो आणि त्या सेव्हपुरता कायम राहतो. म्हणून नशीब इथे दोन प्रकारचं आहे. एकाच सेव्हवरून दहा फेऱ्या केल्या तर फक्त हंगामाचं नशीब बदलतं: दुखापत, लाइनमधले (म्हणजे एकत्र रिंकवर उतरणाऱ्या आक्रमकांच्या तिकडीतले) सोबती, प्रशिक्षकाची मर्जी. दहा वेळा नवा खेळ सुरू केला तर कुवतीची मर्यादाही बदलू शकते. दोन्ही एकाच तक्त्यात मिसळले की फरक कशामुळे पडला ते कळायचं नाही. दोन शीट ठेवा. डेटाबेस बदलायचा संपादक (एडिटर) उघडून दोघांच्या पीएचा रकाना आधी पाहून घ्या, म्हणजे दुसऱ्या शीटची गरज आहे की नाही ते लगेच कळेल.

स्ट्रोमचा वेग आणि मार्नरची ताकद हे या खेळात थेट तपासता येतं, आणि आमच्या मते या कामासाठी खेळ घ्यायचं सगळ्यांत मोठं कारण हेच. संपादकात स्ट्रोमच्या 'ॲक्सिलरेशन'मध्ये दोन-तीन गुण वाढवा, बाकी कशाला हात लावू नका, आणि पुन्हा दहा फेऱ्या. मग स्ट्रोम मूळ स्थितीत ठेवून मार्नरची 'स्ट्रेंग्थ' वाढवा. एका वेळी एकच बदल. अडचण इथे येऊ शकते: एक गुण वर ओढला की सीएच्या मर्यादेत बसवण्यासाठी बाकीचे गुण खाली सरकू शकतात. म्हणून बदल केल्यावर खेळात शिरून खेळाडूचं पान उघडा आणि आधीच्या पानाशी रकाना-रकाना ताडून पाहा. हे न करता 'वेग वाढवला तरी काही फरक पडला नाही' असा निष्कर्ष काढला, तर तो बहुधा पास देण्याची क्षमता नकळत घटल्याचा परिणाम असतो.

फेऱ्या वाया जातात त्या बहुतेक एका नियमापायी. ड्राफ्ट झालेला कॅनडाच्या ज्युनियर लीगमधला खेळाडू वीस वर्षांचा होईपर्यंत एक तर एनएचएलमध्ये खेळतो नाही तर ज्युनियरला परततो, मधल्या एएचएलची वाट त्याला बंद, हा एनएचएल आणि ज्युनियर लीगांमधला त्या काळातला करार खेळात आहे. त्यामुळे एखाद्या फेरीत टोरंटो मार्नरला ऑक्टोबरातच ठेवून घेतं आणि त्याची ज्युनियर कारकीर्द तिथेच संपते. अशी फेरी फेकून देऊ नका, वेगळी नोंदवा. कोणाला किती फेऱ्यांत वर ठेवून घेतलं, हीसुद्धा तुलनाच आहे. प्रत्यक्षात स्ट्रोमही याच नियमात अडकला. २०१६-१७ मध्ये ॲरिझोनाने त्याला सात सामने खेळवले आणि ईरीला परत पाठवलं. दहावा सामना होण्याआधी परत पाठवलं तर अठरा-एकोणीस वर्षांच्या खेळाडूच्या पहिल्या कराराचं वर्ष खर्ची पडत नाही, म्हणून क्लब त्या आकड्याजवळ येऊन थांबतात.

खेळाची नाडी खरी लागते आहे का, हे ताडायला प्रत्यक्षातले आकडे जवळ ठेवा. २०१५-१६ मध्ये मार्नरचे ५७ सामन्यांत ११६ गुण, स्ट्रोमचे ५६ मध्ये १११. सामन्यामागे २.०४ आणि १.९८. त्या वर्षी लंडनने ओएचएल आणि मेमोरियल चषक (कॅनडाच्या ज्युनियर लीगांच्या विजेत्यांची स्पर्धा) दोन्ही जिंकले, आणि मार्नर लीगचा, बाद फेरीचा आणि मेमोरियल चषकाचाही सर्वोत्तम खेळाडू ठरला. पुढच्या वर्षी मार्नर टोरंटोसाठी ६१ गुण करत होता, तर ईरीला परतलेल्या स्ट्रोमने ३५ सामन्यांत ७५ गुण केले, म्हणजे २.१४, आणि मेमोरियल चषकाचा सर्वोत्तम खेळाडूही झाला. नुसत्या सरासरीवर बोट ठेवाल तर स्ट्रोमचा तो हंगाम मार्नरच्या कुठल्याही ज्युनियर हंगामापेक्षा सरस दिसेल. पण तेव्हा तो एकोणीस पार करून विसाव्या वर्षाकडे निघाला होता आणि समोर सोळा-सतरा वर्षांची पोरंही होती. खेळातल्या फेऱ्यांतही या वयाच्या हंगामाचा आकडा असाच फुगतो का, ते जरूर पाहा. आमचा कल मार्नरकडे आहे. अंगाने लहान असताना, पहिल्याच हंगामात स्ट्रोमपेक्षा वीस गुण जास्त करणं, हे शेवटच्या वर्षीच्या सरासरीपेक्षा वजनदार वाटतं.

दोष सांगायलाच हवेत. खेळ फक्त विंडोजवर चालतो. जास्त रिझोल्यूशनच्या नव्या पडद्यांवर अक्षरं इतकी लहान दिसतात की तासाभरात डोळे दुखतात, तेव्हा पडद्याचं रिझोल्यूशन उतरवून खेळावं. सामना वरून पाहिलेल्या ठिपक्यांचा, त्यामुळे मार्नरचं ते झोकात वळण घेऊन पास सोडणं इथे दिसणार नाही. ज्युनियर संघाच्या लाइन संगणकी प्रशिक्षक ठरवतो, आणि चांगल्या सेंटरशेजारी कोणाला उभं केलं यावर विंगरचे गुण बरेच हलतात. तुम्ही दूर युरोपात बसलेले असल्यामुळे त्यावर तुमचा ताबा नाही. उपाय एवढाच की प्रत्येक फेरीत दोघांचे लाइनमधले सोबती कोण होते तेही शीटमध्ये लिहा. नाहीतर सोबत्याचं श्रेय खेळाडूच्या नावावर जमा होतं, जसं ईरीत मॅकडेव्हिडच्या सावलीत स्ट्रोमच्या बाबतीत लोक अजूनही म्हणतात.

नव्या मोसमाचे खेळाडू हवे असतील तर चाहत्यांनी तयार केलेले रोस्टर, म्हणजे खेळाडूंच्या ताज्या याद्या, बसवता येतात. पण त्यांत सुरुवातीची तारीख पुढे सरकते आणि ही जोडी ज्युनियरमध्ये उरत नाही. या तुलनेसाठी मूळ डेटाबेसच ठेवा.

एक फेरी पूर्ण व्हायला वेळ लागतो, त्यामुळे चवथीच्या सुट्टीसारखा सलग वेळ मिळाला तरच दहा फेऱ्यांना हात घाला. पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा भरवसा नसतो. ऑटोसेव्ह आठवड्यावर ठेवा आणि लॅपटॉपची बॅटरी जुनी असेल तर यूपीएस जोडा. सेव्ह लिहिली जात असतानाच वीज गेली तर ती फाइल उघडत नाही, आणि मूळ सेव्हची वेगळी प्रत काढून ठेवायला सांगितलं ते यासाठीच. हॉलिडेवर जाताना परतीची तारीख मेच्या अखेरीची टाका, कारण मेमोरियल चषक तोवर आटोपतो. जुलैची तारीख टाकलीत तर करार संपून खेळाडू इकडून तिकडे झालेले असतात, आणि हवे ते आकडे एकेकाच्या पानावर जाऊन जुन्या नोंदींतून वेचत बसावं लागतं.