गोंगाटाची मांडणी : तरुणांसाठीच्या एका रॉक-इंडी मासिकाचा पहिला अंक

रॉक आणि इंडी (म्हणजे मोठ्या ध्वनिमुद्रण-कंपन्यांपासून स्वतंत्र) संगीताला वाहिलेला हा पहिला अंक ए-फोर आकाराचा असून मुखपृष्ठ सोडून त्याची ६४ पाने आहेत. तो १५ ते २२ वर्षांच्या वाचकांसाठी काढल्याचे संपादकीयात पहिल्याच ओळीत सांगितले आहे. अंकाचे नाव मी येथे देत नाही, कारण संपादक मंडळातील दोघांशी माझी जुनी ओळख आहे आणि हे लिखाण शिफारस म्हणून किंवा उट्टे म्हणून वाचले जावे अशी माझी इच्छा नाही. मासिकांची मांडणी करणे हेच माझे रोजचे काम असल्याने मी अंक दोनदा पाहिला. एकदा फूटपट्टी आणि भिंग घेऊन पाहिला, आणि दुसऱ्यांदा माझ्या १६ वर्षांच्या भाचीच्या शेजारी बसून, ती कुठे थांबते आणि कुठे पान उलटून पुढे जाते हे पाहत.

मुखपृष्ठ उत्तम आहे. एका बँडचे कृष्णधवल छायाचित्र, त्यावर नारिंगी रंगाची एकच भडक पट्टी आणि आतल्या मजकुराच्या फक्त तीन घोषणा, एवढाच ऐवज त्यावर आहे. नारिंगी हा छपाईच्या नेहमीच्या चार रंगांच्या (निळसर, गुलाबीसर, पिवळा आणि काळा) मिश्रणातून काढलेला नाही, तो पाचवा, स्वतंत्र शाईचा रंग आहे. चार रंगांच्या छपाईत नारिंगी नेहमी थोडा मळकट उतरतो, त्यामुळे हा जादा खर्च कुठे झाला ते पहिल्या नजरेत कळते. मासिकाच्या नावाची अक्षरे खरोखरच पात्याने कागदातून कापून, मग स्कॅन करून घेतलेली आहेत. तिसऱ्या अक्षरापाशी पाते घसरले आहे आणि ती चूक तशीच राहू दिली आहे. हे मला फार आवडले.

या कातरकामाला एक वंशावळ आहे. १९७६ मध्ये लंडनमध्ये मार्क पेरी याने ‘स्निफिन ग्लू’ हे पंक रॉकचे फॅनझिन, म्हणजे चाहत्याने स्वतः काढलेले घरगुती मासिक, काढले, तेव्हा मजकुरासाठी टाइपरायटर, मथळ्यांसाठी जाड स्केचपेन आणि प्रतींसाठी फोटोकॉपी एवढीच सामग्री त्याच्यापाशी होती. त्या पानांचे ओबडधोबडपण ही कोणी निवडलेली शैली नव्हती, हाताशी जे होते त्यातून ते आपसूक आले होते. मुखपृष्ठावरील घसरलेले पाते त्याच घराण्यातले आहे. आतल्या पानांवरचे फाटके कागद मात्र त्या घराण्यातले नाहीत. पान ९, पान १७ आणि पान ५२ यांवर मथळ्याखाली जो फाटका कागद दिसतो, त्याच्या उजव्या कडेला वरून बोटभर अंतरावर एक लहानशी त्रिकोणी खाच आहे आणि ती तिन्ही ठिकाणी तंतोतंत सारखी आहे. म्हणजे फाटका कागद तयार संचातून उचलला आणि तीनदा चिकटवला. सगळे वाचक हे पाहतील असे मी म्हणणार नाही, पण भाचीने पाहिले. पान ५२ उघडताच ती म्हणाली, “मावशी, हा तोच कागद आहे.”

अंकातील सर्वांत मोठे काम पान २६ ते ३१ यांवर आहे, आणि या सहा पानांसाठीच हा अंक संग्रही ठेवावा असे मी म्हणेन. मुखपृष्ठावरच्याच बँडची ही दीर्घ मुलाखत आहे. गायिका आणि गिटारवादक यांचे एकमेकांशी अजिबात पटत नाही, आणि मुलाखतीत ते वारंवार एकमेकांचे बोलणे तोडतात. मांडणीकाराने गायिकेची उत्तरे डाव्या रकान्यात एका टंकात, म्हणजे अक्षरांच्या एका वळणात, आणि गिटारवादकाची उजव्या रकान्यात दुसऱ्या, अधिक रुंद टंकात लावली आहेत. दोघे शांतपणे बोलतात तेव्हा रकाने आपापल्या जागी राहतात. एकाने दुसऱ्याला तोडले की तोडणाऱ्याचा रकाना समोरच्याच्या हद्दीत घुसतो, आणि पान २९ वर, जिथे भांडण अगदी हातघाईवर येते, तिथे सहा ओळी चक्क एकमेकींवर छापल्या आहेत. त्यांतली एक बाजू काळ्या आणि दुसरी नारिंगी शाईत असल्याने डोळ्यांना जरा ताण देऊन दोन्ही वाचता येतात. शेवटच्या पानावर दोघेही एकाच गाण्याबद्दल बोलू लागतात आणि रकाने मुकाट्याने आपापल्या जागी परततात. हा गोंधळ संभाषणातून उगवलेला आहे. त्यातून एक ओळ उचलून दुसरीकडे नेता येणार नाही.

अशा प्रयोगांची चर्चा निघाली की ‘रे गन’ या अमेरिकी संगीत-मासिकाचे नाव निघतेच. १९९२ मध्ये सुरू झालेल्या या मासिकाचा पहिला कला-दिग्दर्शक डेव्हिड कार्सन होता. एका अंकात ब्रायन फेरी या इंग्रज गायकाची मुलाखत कंटाळवाणी वाटल्याने त्याने ती संपूर्णपणे ‘झॅफ डिंगबॅट्स’ या टंकात, म्हणजे बाण, तारे, फुल्या अशा निव्वळ चिन्हांत लावली. हा किस्सा मांडणीच्या विद्यार्थ्यांना तोंडपाठ असतो. त्याच अंकात मागे तीच मुलाखत साध्या अक्षरांतही छापली होती, हा त्याचा उत्तरार्ध मात्र सांगणारा सहसा विसरतो. प्रस्तुत अंकाच्या मांडणीकारानेही तो ऐकला नसावा, असे पान ४० पासून पुढे वाटत राहते.

पान ४० ते ४७ ही आठ पाने काठोकाठ काळी आहेत. त्यांवर पाच नव्या बँडची ओळख करून देणारे लेख पांढऱ्या अक्षरांत आहेत. बाकी अंकात मजकूर ९ पॉइंटचा (पॉइंट हे अक्षरांच्या आकाराचे माप) आणि ओळींमधले अंतर ऐसपैस आहे, इथे तो एकदम ७ पॉइंटवर उतरतो आणि तोही टंकाच्या सर्वांत सडपातळ वजनात, म्हणजे बारीक रेषांत. यात आणखी एक तांत्रिक चूक मिसळली आहे. हा काळा केवळ काळ्या शाईचा नाही, चारही रंग एकावर एक चढवून तो गडद केला आहे. अशा जमिनीवर, म्हणजे पार्श्वभूमीवर, पांढरे अक्षर म्हणजे शाई न लागलेला कागद असतो, आणि ते स्वच्छ उतरण्यासाठी चारही रंगांच्या प्लेट्स, म्हणजे एकेक रंग छापणारे पत्रे, केसभरही न हलता एकमेकींवर बसाव्या लागतात. त्या तशा क्वचितच बसतात. भिंगाखाली पाहिले तर पान ४३ वरच्या अक्षरांची डावी कड गुलाबीसर आहे, उजवी निळसर आहे आणि ‘ई’ व ‘ए’ या रोमन अक्षरांची पोटे शाईने भरून आली आहेत. त्यातच कागद अनकोटेड, म्हणजे शाई शोषून पसरवणारा आहे. पांढरा मजकूर ज्या भागात येतो तिथे जमीन फक्त काळ्या शाईची ठेवली असती आणि टंक दोन पायऱ्या जाड करून ९ पॉइंटचा केला असता, तरी हीच पाने तितकीच काळोखी दिसली असती आणि वाचताही आली असती.

या पानांवर भाचीने काय केले ते सांगण्यासारखे आहे. तिने टेबलावरचा दिवा जवळ ओढला, दोन ओळी वाचल्या, फोन काढला, पानाचे छायाचित्र घेतले आणि पडद्यावर बोटांनी मोठे करून लेख वाचला. संपादकीयात “स्क्रीनपासून सुटका” असे शब्द आहेत. मी त्यावर काही बोलले नाही, कारण फार वर्षांपूर्वी एका अंकात मी स्वतः हीच चूक केली होती आणि तेव्हा छापखान्यातल्या वयस्कर यंत्रचालकाने प्लेट हातात धरून मला जे ऐकवले होते, ते अजून लक्षात आहे.

मैफिलींच्या छायाचित्रांत अंकाचे डोके ठिकाणावर आहे. लहान सभागृहांतील मंच बहुधा लाल दिव्यांत न्हालेला असतो. अशा प्रकाशात कॅमेऱ्याचा लाल भाग भरून वाहतो, चेहऱ्यावरचे बारकावे नाहीसे होतात आणि छपाईत नुसता लाल डाग उरतो. इथे अशी सगळी छायाचित्रे कृष्णधवल केली आहेत आणि दोन-तीन ठिकाणी त्यांच्यावर नारिंगी शाईची सपाट जमीन चढवली आहे. कण ठसठशीत राहिले आहेत, घाम दिसतो, मायक्रोफोनच्या जाळीवरचा पोचा दिसतो. पान १९ वरचे ढोलकाच्या आडून डोकावणाऱ्या मुलीचे छायाचित्र अर्ध्या पानावर आहे. ते पूर्ण पान घेऊ शकले असते.

अनुक्रमणिका नेटकी आहे. जाहिराती मोजक्या आणि मजकुराहून वेगळ्या ओळखू येणाऱ्या आहेत.

अल्बम-परीक्षणांच्या आठ पानांत तारे किंवा गुण नाहीत, ही पद्धत मला पटली. प्रत्येक परीक्षणाखाली ठळक अक्षरांत एकच ओळ आहे : आधी कोणते गाणे ऐकावे. शेजारी ते गाणे ऐकवणारा क्यूआर कोड दिला आहे. मासिकाने वाचकाच्या कानापर्यंत गाणे पोहोचवणे ही जुनी रीत आहे. ब्रिटनच्या ‘एनएमई’ या संगीत-साप्ताहिकाने १९८६ मध्ये ‘सी८६’ नावाची २२ गाण्यांची कॅसेट काढली, आणि पुढे ते नाव इंडी संगीताच्या एका आख्ख्या प्रवाहाला चिकटले. कॅसेट मात्र कोणत्याही टेपरेकॉर्डरवर वाजत असे. या अंकातील निम्मे कोड काळ्या जमिनीवर नारिंगी रंगात, म्हणजे उलट छापले आहेत. माझ्या फोनने ते वाचले, भाचीच्या फोनने वाचले नाहीत. गडद चौकोन फिक्या जमिनीवर, ही कोडची मूळ रीत आहे, आणि ती उलटवली की काही फोन दाद देत नाहीत.

पोस्टरचे मात्र हसू आले. अंकाच्या बरोबर मध्यावर, पान ३२-३३ वर, मुलाखतीतल्याच बँडचे दुपानी पोस्टर आहे. पिना उघडून मधला कागद अलगद काढता येतो, जागा योग्यच निवडली आहे. पण त्या कागदाच्या मागे पान ३१ आहे, म्हणजे त्या अप्रतिम मुलाखतीचे शेवटचे पान, जिथे भांडण मिटते. पोस्टर भिंतीवर लावले की मुलाखत भांडणावरच संपते. पोस्टरच्या पाठीवर जाहिराती घालायच्या असतात, हे मासिकाच्या धंद्यातले पहिल्या आठवड्यात शिकण्याचे शहाणपण आहे. शिवाय एक पिन ढोलकवादकाच्या नाकातून आरपार गेली आहे.

तरुण वाचकासाठी मांडणी करायची म्हणजे पाने आरडाओरडा करणारी हवीत, हा समज या अंकात मधूनमधून डोके वर काढतो. १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेले ‘स्मॅश हिट्स’ किशोरवयीनांसाठीच होते आणि त्याची मोठी ओढ होती ती गाण्यांच्या छापील शब्दांची, जे वाचून मुले सोबत गात असत. ते काढणाऱ्या निक लोगन यानेच पुढे १९८० मध्ये ‘द फेस’ हे संगीत आणि फॅशनचे मासिक काढले, ज्याची पाने नेव्हिल ब्रॉडी या मांडणीकाराच्या हाताखाली मांडणीचा धडा ठरली. त्याच संपादकाने दोन वेगळ्या वाचकांसाठी दोन वेगळे आवाज वापरले. या अंकाच्या मांडणीकाराकडेही दोन्ही आवाज आहेत, मुलाखतीची सहा पाने आणि परीक्षणांची आठ पाने याची साक्ष देतात. काळ्या पानांवर त्याने मजकूर वाचलाच नसावा अशी शंका येते, कारण त्या पाच बँडपैकी दोन अगदी हळुवार, केवळ एका गिटारवर गाणारे आहेत आणि त्यांनाही तोच काळोख मिळाला आहे.

देवनागरीत असे काही करू पाहणाऱ्यांसाठी जाता जाता एक नोंद. कापलेली रोमन अक्षरे वरखाली उड्या मारू शकतात, कारण ती मुळातच सुटी असतात. देवनागरी शब्द शिरोरेखेला लटकलेला असतो, त्यामुळे अक्षरे वरखाली केली की रेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसू लागतात. तिथे अख्खा शब्द कापावा आणि तिरका बसवावा, अक्षर एकेकटे कापू नये.

मी दुसरा अंक घेणार आहे, आणि कोणी विचारले तर पहिलाही घ्या असेच सांगेन.

पान ६१ चा उल्लेख राहिला. त्या पानावर फक्त एक नारिंगी चौकट आहे आणि वर बारीक अक्षरांत लिहिले आहे की तुमच्या बँडच्या पहिल्या मैफिलीचे भित्तिपत्रक इथे काढा. ज्या कागदाने काळ्या पानांची वाट लावली, त्याच खरखरीत कागदावर बॉलपेन आणि स्केचपेन सुरेख चालतात, शाई फिसकटत नाही. भाचीने ते पान भरले आहे. बँडचे नाव तिने जाड, कोरल्यासारख्या अक्षरांत लिहिले आहे, ते खोलीच्या दारातूनही वाचता येते. तारीख आणि वेळेची जागा रिकामी आहे, कारण ढोलकवादक अजून मिळायचा आहे.