एक्केचाळीस विहिरी आणि क्यूजीआयएस

एम.ए. भूगोलाच्या पहिल्या वर्षाला मी प्रकल्प घेतला होता: माण तालुक्यातल्या आमच्या गावच्या विहिरी नकाशावर आणायच्या. मोजल्या तर एक्केचाळीस निघाल्या. आप्पा दोराला दगड बांधून पाणी किती खाली आहे ते बघायचे आणि मी फोनवरचे अक्षांश-रेखांश वहीत उतरवून घ्यायचे. त्या वहीचा नकाशा मी क्यूजीआयएस या नकाशे बनवायच्या सॉफ्टवेअरवर केला. तीन महिने रोज वापरलंय, म्हणून सांगते, भूगोलाच्या विद्यार्थ्याने हे शिकायलाच हवं.

एक तर पैसे लागत नाहीत. २००२ साली गॅरी शर्मन यांनी सुरू केलेलं हे सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे. त्यामुळे कॉलेजची लॅब बंद झाली तरी माझं काम घरी सुरू राहायचं. लॅपटॉप जुना, रॅम ८ जीबी. उपग्रहचित्र उघडलं की तो रेंगाळतो, पण ठिपके आणि रेषांचं काम व्यवस्थित होतं.

खरं शिकणं सुरू होतं ते निर्देशांकांपाशी. पहिल्यांदा सीएसव्ही (वहीतल्या नोंदींच्या तक्त्याची साधी फाइल) उघडली तेव्हा एक्स आणि वायचे रकाने उलटे निवडले गेले आणि माणच्या विहिरी नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर बेटाजवळच्या समुद्रात जाऊन बसल्या. ते लगेच दुरुस्त झालं. पुढची चूक मात्र दोन दिवस कळली नाही. प्रत्येक विहिरीभोवती ५०० मीटरचं वर्तुळ हवं होतं. बफरच्या चौकटीत ५०० टाकलं आणि सगळं जग झाकलं गेलं, कारण माझा लेयर, म्हणजे विहिरींचा थर, अंशांत होता आणि एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर. मग 'सेट लेयर सीआरएस'मध्ये (सीआरएस म्हणजे निर्देशांक मोजायची पद्धत) जाऊन ३२६४३ निवडलं, हा मीटरमध्ये मोजणाऱ्या यूटीएम पद्धतीतल्या आमच्या भागाचा, ४३ उत्तर झोनचा, क्रमांक, तर विहिरी मालदीवच्या पश्चिमेला विषुववृत्तावर एकाच ठिपक्यात गोळा झाल्या! तिथे नुसतं लेबल बदलतं, रेखांश-अक्षांशांचे आकडे ७४ आणि १७ तेच राहतात, आणि क्यूजीआयएस त्यांना मीटर समजतं. आकडेच बदलायचे असतील तर लेयर 'रीप्रोजेक्ट' करावा लागतो. हे ज्या संध्याकाळी उमगलं, त्या संध्याकाळी मला प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडायची पद्धत, पहिल्यांदा खरं समजलं. बी.ए.ला त्यावर दहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं, पाठ करून.

विदर्भातल्यांनी एक लक्षात ठेवा, ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला ४३ नाही, ४४ झोन लागतो. नागपूरसाठी ३२६४४.

मराठी नावांचं सांगायलाच हवं. आमच्याकडे प्रत्येक विहिरीला नाव आहे: थोरली, चिंचेची, जोडविहीर. ती देवनागरीतच हवी होती. सीएसव्ही साठवताना यूटीएफ-८ (देवनागरीही साठवणारी अक्षरांची सांकेतिक पद्धत) निवडलं नाही तर नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. शेपफाइलमध्ये (नकाशाची माहिती साठवायचा जुना फाइल-प्रकार) रकान्याच्या नावाला दहाच बाइट मिळतात आणि देवनागरीचं एक अक्षर तीन बाइट खातं, म्हणून 'पाण्याची खोली' त्यात मावत नाही. जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारात साठवा, ही अडचण राहत नाही.

क्यूजीआयएस डाउनलोड करताना 'लाँग टर्म' (जास्त काळ दुरुस्त्या मिळत राहणारी) आवृत्ती घ्या. शिकायला आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमधली क्यूजीआयएसची मालिका आहे, तीही फुकट.

प्रिंट काढून घरी नेली. आप्पांनी चष्मा लावून बोटाने ओढा धरला, वर सरकत गेले आणि एका जागी थांबले. "इथली बुजवलेली हीर कुठंय गं?" बेचाळिसावी नोंद त्याच रात्री केली. खोलीचा रकाना रिकामा ठेवलाय.