बोअरच्या मोटारींचं दुकान, पण जेट बोटीचा पंपही मोकळा करून देतं

आधीच सांगतो. पक्कं बिल, दिलेल्या वेळेला येणारा माणूस आणि गोड बोलणं हवं असेल तर या दुकानाच्या वाटेला जाऊ नका. पंप नीट मोकळा होऊन हवा असेल तर जा.

दुकान कळंबमध्ये आहे. सबमर्सिबल मोटारींची दुरुस्ती आणि रिवायंडिंग. बोर्ड नाही, दारात गंजलेल्या पाइपांचा ढीग आहे, तीच खूण. मालक आणि मिस्त्री एकच माणूस, हाताखाली एक पोरगं. असल्या दुकानात मी बोटीचं काम घेऊन गेलो हे ऐकून आमच्याकडे सगळे हसले होते.

आमची सोळा फुटी जेट बोट मांजरा धरणाच्या बॅकवॉटरवर असते, हुरड्याच्या सीझनला पाहुण्यांसाठी. (हो, तेच मांजरा धरण. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तेव्हा ते कोरडं पडलं होतं. तिथे आता जेट बोट म्हटल्यावर पुण्याकडच्या लोकांना गंमत वाटते. वाटू द्या.) पाहुण्यांना बसवून बोटीमागे ओढायची हवेची ट्यूब असते, तिचा दोर ढिला पडलेला असताना चालवणाऱ्या पोरानं बोट मागे घेतली आणि दोर पोटाखालच्या जाळीतून थेट पंपात गेला. इंजिन दोनदा धडधडलं आणि गप्प झालं.

जेट बोटीला बाहेर पंखा नसतो. तळातून पाणी ओढायचं आणि मागच्या नोझलमधून जोरात फेकायचं, एवढंच तिचं काम. ते करणारा इम्पेलर, म्हणजे पात्यांचं चाक, एका गोल कड्यात फिरतो आणि दोघांमधली फट मिलिमीटरभरही नसते. त्यात दोर गेला की चरकात चिपाड अडकावं तसं सगळं आवळून बसतं. आमच्यासारख्या बोटींना न्यूट्रलही नसतो, इंजिन सुरू म्हणजे इम्पेलर फिरणारच. म्हणून 'एकदा स्टार्टर मारून बघू' हा सल्ला देणाऱ्याला बोटीपासून लांब ठेवावं. दोर आणखी आवळतो, आणि कुणाचा हात आत असेल तर बोटंच जातात.

मोठ्या शहरातल्या अधिकृत सर्व्हिसवाल्यांना फोन केला. बोट न बघताच उत्तर मिळालं: पूर्ण पंप उतरवावा लागेल, बोट आमच्याकडे आणा, वाहतूक तुमची. अंदाजपत्रकाचा आकडा ऐकून मी फोन ठेवला. मग शेजारच्या शेतकऱ्यानं या मिस्त्रीचं नाव सुचवलं. त्याचं म्हणणं असं, की बोअरच्या पंपातही इम्पेलरच असतात, एकावर एक रचलेले, आणि त्यात गाळ-खडे अडकले की हाच माणूस काढतो. मला ते पटलं.

सकाळी येतो म्हणाला, आला जेवणानंतर. बोट ट्रेलरवर चढवून ठेवली होती. आल्या आल्या त्यानं काही विचारलं नाही. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडली आणि किल्ली काढून स्वतःच्या खिशात टाकली. मला तिथेच माणूस आवडला.

नंतर ट्रेलरखाली गोणपाट टाकून आडवा झाला. जाळीचे बोल्ट काढून बॅटरी मारली तर शाफ्टवर, म्हणजे इम्पेलर फिरवणाऱ्या दांड्यावर, केशरी दोराचे वेढे, एकावर एक, आणि आतल्या बाजूचे वेढे वितळून शाफ्टला चिकटलेले. आमचा दोर पॉलिप्रोपिलीनचा. तो पाण्यावर तरंगतो म्हणून ट्यूबसाठी घेतात, नायलॉन बुडतो. पण पॉलिप्रोपिलीन साधारण १६० अंशांच्या पुढे वितळतं, आणि घर्षणानं तेवढी उष्णता सहज तयार होते. जळक्या प्लॅस्टिकचा वास अजून येत होता.

मी म्हटलं, कापून टाका. तो खालूनच म्हणाला, "घाई कशाला करायलाव मालक? आधी उलटं फिरवून बघू की. जेवढं सुटंल तेवढं सुटू द्या."

इंजिनचे प्लग काढायला लावले, म्हणजे कॉम्प्रेशन आडवं येत नाही आणि शाफ्ट हातानं फिरतो. वर मी इंजिन आणि शाफ्ट जोडणारं कपलिंग उलट्या दिशेला थोडं थोडं फिरवायचो, खाली तो दोराचं मोकळं टोक ताणून धरायचा. हिसका नाही, नुसता ताण. वेढा सैल झाला की "थांबा" म्हणायचा, ओढून घ्यायचा, मग पुन्हा. अर्ध्याहून जास्त दोर असा अख्खा निघाला. वितळलेला भाग मात्र कापावाच लागला. त्यासाठी मोडक्या हॅक्सॉ ब्लेडच्या एका टोकाला चिंधी गुंडाळून त्यानं मूठ केली आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं चिरा पाडल्या, आडवं एकदाही घासलं नाही. चिरलेले तुकडे सायकलच्या वाकवलेल्या आऱ्यानं उपसून काढले. वेळ गेला, बराच गेला. पण शाफ्टवर ओरखडा नाही.

दोर निघाल्यावर काम संपलं असं मला वाटलं, त्याला नाही. इम्पेलरच्या प्रत्येक पात्याच्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. एका पात्याला बारीक खाच लागली, ती कानशीनं हलकेच घासली. फिलर गेज घालून चारही बाजूंनी फट तपासली, शाफ्ट वर-खाली हलवून बेअरिंगचा खेळ बघितला. नंतर बोट पाण्यात सोडल्यावर आत उतरून शाफ्ट जिथून बोटीत शिरतो तिथे कोरडा कागद धरला. दोरानं सील दुखावलं असेल तर तिथून पाणी शिरतं आणि ते तळाशी साचेपर्यंत कुणाला कळत नाही. कागद कोरडाच राहिला.

आता जे खटकलं ते. जाळीचे बोल्ट त्यानं नुसतेच आवळले, लॉकिंगचं निळं लिक्विड मी हातात दिलं तेव्हा लावलं. पाण्याखालच्या, सतत थरथरणाऱ्या बोल्टांना ते हवंच. आणि बोट ट्रेलरवर असताना इंजिन धुवायला त्याच्या पोरानं आधी पाइपचा नळ सोडला, तो मी धावत जाऊन बंद केला. आमच्या बोटीच्या इंजिनला आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी बंद, मग इंजिन. नाहीतर पाणी एक्झॉस्टमधून उलटं इंजिनात शिरतं. बोअरवाल्याला हे माहीत असायचं कारण नाही, पण बोट तुमची आहे, म्हणून तुम्ही उभं राहा.

घेतले २५०० रुपये, रोख. बिल मागितलं तर वहीच्या पानावर लिहून दिलं. विम्यासाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. झिजलेलं कडं किंवा इम्पेलर बदलायचा असेल तर पार्ट त्याच्याकडे मिळणार नाहीत, तिथे अधिकृतवाल्यांचेच पाय धरावे लागतील. अडकलेलं काढणं आणि तपासणं, एवढ्यासाठी पाचपैकी चार.

फोन सकाळी लवकर लावा, नंतर तो कुठल्यातरी बोअरवर असतो आणि उचलत नाही. ॲलन कीचा सेट स्वतःचा ठेवा, त्याच्याकडच्या चाव्या पार झिजल्यात.