कोठा घराला लागून की शेतात?

आमच्या यवतमाळकडच्या गावात काहींचा बैलांचा कोठा घराला लागूनच, काहींचा शेतात. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचं कर्नल, म्हणजे तिचा गाभा, पहिल्या तऱ्हेचं: ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारे प्रोग्राम), फाइल सिस्टीम, नेटवर्क, सगळं एकाच आवारात. हाक मारली की काम होतं, म्हणून वेग. पण कुटार पेटलं तर घरही जातं. एका ड्रायव्हरची चूक अख्खं मशीन बंद पाडू शकते.

दुसऱ्या तऱ्हेचं, म्हणजे मायक्रोकर्नल, घरात मेमरी, शेड्युलिंग (प्रोसेसर कोणाला कधी द्यायचा ते) आणि निरोपांची देवाणघेवाण एवढंच ठेवतं. ड्रायव्हर बाहेर, तो पडला तर पुन्हा उभा करता येतो. मात्र निरोपागणिक शेतात चक्कर!

१९९२ मध्ये मायक्रोकर्नलचे पुरस्कर्ते प्राध्यापक टॅननबॉम यांनी लिनक्सची रचना जुनाट ठरवली, लिनक्सचे कर्ते टोरवाल्ड्स थेट भिडले. आज अँड्रॉइड लिनक्सवर चालतं, तर कितीतरी मोटारींत क्यूएनएक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचं मायक्रोकर्नल आहे. माझ्या जुन्या लॅपटॉपवर मात्र मी लिनक्सच ठेवणार.