उजेडाच्या नावावर खपवलेला रंग

बेळगावच्या वडगावात आमचं घर दक्षिणेकडे तोंड करून आहे. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांच्या भिंतींना लागलेल्या, त्यामुळे उजेड येतो तो सोप्याच्या, म्हणजे पुढच्या खोलीच्या, दारातून आणि मागच्या परसातून. परसाला लागून आईची खोली. तिची एकुलती खिडकी उत्तरेला, आणि समोर शेजारच्यांची दुमजली भिंत. वर्षातले बहुतेक महिने त्या खोलीत ऊन शिरत नाही. गेल्या वर्षी आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. "आता दिसायला लागलंय, तर खोली उजळ दिसू दे की," म्हणाली. म्हणून दिवाळीच्या आधी तिची खोली आणि सोपा रंगवायचं ठरवलं.

रंग मी घाईत निवडला नव्हता, हे मुद्दाम सांगते. ओळखीतल्या एका बाईंनी आधीच बजावलं होतं की दुकानात पाहून शेड ठरवू नको. दिव्याच्या उजेडाची झाक केल्विनमध्ये मोजतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. दुकानातल्या पांढऱ्याफटक ट्यूब बहुधा 6500 केल्विनच्या, आईच्या खोलीतला पिवळा बल्ब 3000 चा. एकच शेड या दोन उजेडांत दोन वेगळ्या रंगांची वाटते. शिवाय उत्तरेच्या खिडकीतला उजेड निळसर, थंड. तिथे राखाडी किंवा निळ्याकडे झुकणारा पांढरा आणखी उदास दिसतो. म्हणून मी पिवळसर झाक असलेला क्रीम घेतला, हळद घातलेल्या दुधासारखा. शेड कार्डावर एलआरव्ही म्हणून एक आकडा असतो, रंग किती उजेड परत फेकतो त्याचा. काळ्याला शून्याजवळ, पांढऱ्याला शंभराजवळ. माझ्या शेडचा सत्तरच्या वर होता. 200 मिलीची नमुन्याची बाटली आणून जाड पुठ्ठ्यावर दोन हात दिले आणि तीन दिवस तो पुठ्ठा आईच्या खोलीत सकाळी, दुपारी, रात्री भिंतीला लावून बघितला. बल्बही बदलून 4000 केल्विनचा आणला. आईला रंग आवडला.

इथवर सगळं नीट झालं होतं.

इमल्शनच्या, म्हणजे पुसता येणाऱ्या चांगल्या रंगाच्या, 20 लिटरच्या बादलीचे 8,600 रुपये झाले. पक्कं बिल मागितलं तर दुकानदार म्हणाले, "अक्का, बिलाला वर 18 टक्के जीएसटी लागतो. चिठ्ठी देतो, तुमचेच पैसे वाचतात." मी चिठ्ठी घेतली. डब्यावर छापलेल्या एमआरपीत सगळे कर धरलेलेच असतात, हे मला नंतर कळलं. बादली पेंटर परस्पर दुकानातून आणणार होते. ते आले तेव्हा रंग दोन लहान बादल्यांत ओतलेला, पाणी घालून ढवळलेला. "तयारच करून आणलाय अक्का, तुमचा वेळ वाचला." मी विचारलं नाही की मूळ बादली कुठे आहे.

भिंत वाळली आणि आईची खोली हिरवट दिसायला लागली. सोपाही तसाच, कोरड्या शेवाळाची झाक असलेला. दुकानात गेले तर उत्तर तयार होतं, "रंग तोच आहे अक्का, उजेडाचा खेळ आहे. उत्तरेची खोली ना तुमची?" मी पुठ्ठा पुढे केला. त्यांनी त्याच शेडचा डबा म्हणून एक डबा उघडला, झाकणाला लागलेला रंग ट्यूबखाली पुठ्ठ्याशेजारी धरला. हुबेहूब एक! मी गप्प झाले. उजेडाने रंग बदलतो हे मला पटलेलंच होतं, आणि त्याच पटलेल्या गोष्टीच्या आड मला फसवलं गेलं.

महिनाभराने एक साधा हिशेब डोक्यात बसला. उजेड बदलला तर पुठ्ठा आणि भिंत दोघांचाही रंग बदलायला हवा. एकाच जागी, एकाच उजेडात शेजारी शेजारी ठेवल्यावर ते वेगळे दिसायचं कारण उजेड असूच शकत नाही. भर दुपारी सोप्याच्या दारात पुठ्ठा भिंतीला टेकवला. पुठ्ठा क्रीम, भिंत हिरवट. रात्री ट्यूब लावली, तर दोन्ही जवळजवळ सारखे. महागड्या शेडची नक्कल दुसऱ्या, स्वस्त बेसमध्ये, म्हणजे शेड मिसळण्याआधीच्या मूळ रंगात, वेगळी रंगद्रव्यं घालून केली की असं होतं. एका दिव्याखाली जोडी जुळते, दिवसाच्या उजेडात फुटते. दुकानातली तुलना ट्यूबखालीच का झाली, ते तेव्हा कळलं.

मग ओलं फडकं भिंतीवर घासलं. फडक्याला रंग आला. नीट वाळलेलं चांगलं इमल्शन असं हाताला येत नाही, डिस्टेंपर, म्हणजे त्याहून स्वस्त रंग, येतं. पुरावा शेवटी आईकडेच सापडला. पेंटरने परसात टाकून दिलेलं एक झाकण तिने धुऊन पाण्याच्या हंड्यावर ठेवलं होतं. त्यावरच्या स्टिकरवर दुसऱ्याच मालाचं नाव होतं, शेडचा कोड वेगळा आणि वजन किलोत. इमल्शन लिटरमध्ये मिळतं, डिस्टेंपर किलोत, एवढं तरी मला ठाऊक होतं.

झाकण घेऊन गेले. "हे आमच्या दुकानातलं कशावरून?" चिठ्ठीवर दुकानाचं नाव नव्हतं, मालाचं नाव नव्हतं, होता फक्त आकडा. पेंटरने फोन उचलणं बंद केलं. पक्कं बिल असतं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर पुराव्यानिशी तक्रार करता आली असती, बेळगावच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता आलं असतं. चिठ्ठीच्या जोरावर वकिलांनी मला आशा लावली नाही.

यंदा मे महिन्यात, पावसाच्या आधी, आईची खोली पुन्हा रंगवली. दुसरं दुकान, पक्कं बिल, त्यावर मालाचं नाव आणि शेडचा कोड. बादली सीलबंद घरी आणली, झाकण माझ्यासमोर उघडलं, स्टिकर बिलाशी ताडून फोटो काढला. पेंटरना आधी एक वीतभर पट्टा मारायला लावला. ओला रंग फसवतो, म्हणून तो पूर्ण वाळू दिला आणि दुपारच्या उजेडात पुठ्ठा शेजारी धरला. जुळला, तेव्हाच पुढचं काम सुरू करायला सांगितलं. रिकामी बादली मी ठेवून घेतली आहे.

सोपा अजून हिरवटच आहे. त्याचे पैसे साठले की तोही करणार.