कॉमिक्स ग्रेडिंगला दिली आणि बाबांच्या प्रती गेल्या

आमचं घर सांगलीत, गावभागात. बाबा मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या अडतीत दिवाणजी होते. कामानिमित्त मिरजेला गेले की जंक्शनवरच्या स्टॉलवरून माझ्यासाठी इंद्रजाल कॉमिक्स आणायचे, आणि येताना बसमध्ये आधी स्वतः वाचून काढायचे. त्यामुळे जवळजवळ प्रत्येक अंकावर कुठे ना कुठे हळदीचं बोट उमटलेलं असायचं. वेताळाच्या (म्हणजे फँटमच्या) एका अंकाच्या मागच्या कव्हरवर, उजवीकडे खाली, त्यांचा अख्खा अंगठा आहे. रेषा मोजता येतील इतका स्पष्ट.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फूट ओलांडले, तेव्हा खालच्या खोलीतली ट्रंक गेली. माळ्यावरच्या पिशवीतले अकरा अंक तेवढे वाचले. दीड वर्षाने बाबाही गेले.

इंद्रजाल 1964 साली सुरू झालं आणि 1990 साली बंद पडलं, त्यामुळे जुन्या अंकांना आता मागणी आहे. संग्राहकांच्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवर मी या अकरा अंकांचे फोटो टाकले. दुसऱ्याच दिवशी एकाचा फोन आला. "ताई, हे असे ठेवू नका. ग्रेडिंग करून घ्या." पुढच्या रविवारी तो घरीच आला. आईच्या पाया पडला, चहा घेतला, पांढरे हातमोजे घालून एकेक अंक उलटून पाहिला. बॅगेतून प्लॅस्टिकच्या जाड केसमध्ये बंद केलेलं एक अमेरिकन कॉमिक काढून दाखवलं. वर निळं लेबल, त्यावर 9.2.

ग्रेडिंग ही गोष्ट खरी आहे, यात शंका नको. अमेरिकेत सीजीसी ही कंपनी 2000 सालापासून हे काम करते. पानं मोजतात, दुरुस्ती झाली आहे का ते तपासतात, प्रत किती चांगल्या अवस्थेत आहे त्यानुसार 0.5 ते 10 यांच्यामध्ये गुण देतात आणि अंक केसमध्ये सील करतात. लेबलवर प्रत्येक प्रतीचा वेगळा नंबर असतो. खऱ्या गोष्टीच्या आडूनच आम्हाला फसवलं गेलं.

आई म्हणाली, "अगं, वाचायची पुस्तकं ती, पेटीत बंद करून काय करणार?" मी तिचं ऐकलं नाही. बाबांच्या वस्तूला आता पाणी लागणार नाही, एवढंच माझ्या डोक्यात होतं. चार अंक दिले. प्रत्येकी 7,500 प्रमाणे 30,000 रुपये यूपीआयने पाठवले. त्याने डायरीचं पान फाडून पावती दिली: "जुनी पुस्तके 4 नग मिळाली." अंकांची नावं नाहीत, क्रमांक नाहीत. अडतीत एका पोत्याचीसुद्धा याहून नीट नोंद होते. दिवाणजीची मुलगी असून मी ते पान मुकाट्याने घेतलं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पाच महिने गेले. मग "कस्टम्समध्ये अडकलंय" म्हणून आणखी 6,000 घेतले. सरकारी पावती मागितली तर "एकत्र पार्सल आहे ताई, वेगळी मिळत नाही." शेवटी कुरियरने दोन केस आल्या, उरलेल्या दोन "पुढच्या लॉटमध्ये".

वेताळाच्या अंकावर 8.5 होते. आईने केस उलटी करून खिडकीपाशी धरली आणि म्हणाली, "यांचा अंगठा कुठंय?"

मागचं कव्हर स्वच्छ होतं. मी लगेच फोन लावला. तो म्हणाला, "अमेरिकेत प्रेसिंग करतात, त्यात डाग निघतात." मला पटलं नाही म्हणून मी शोधाशोध केली. प्रेसिंग म्हणजे उष्णता आणि दाब. त्याने चुण्या, दबलेले कोपरे सरळ होतात, हळद निघत नाही. डाग पाण्याने किंवा रसायनाने धुतला असेल तर त्याची नोंद लेबलवर होते आणि ते लेबल साधं निळं राहत नाही. आमचं साधं निळं होतं. मग लेबलवरचा नंबर सीजीसीच्या साइटवर टाकला. ही तपासणी फुकट होते, दोन मिनिटं लागतात. त्या नंबरावर भलतंच एक अमेरिकन कॉमिक निघालं. दुसऱ्या केसचा नंबर तर सापडलाच नाही. "साइट अपडेट नाही" हे त्याचं शेवटचं वाक्य. त्यानंतर फोन बंद.

"केस कधीही उघडू नका, उघडलीत की ग्रेड रद्द" असं त्याने तीनतीनदा बजावलं होतं. ते खरंच आहे, पण त्याला ते सोयीचं होतं, कारण बंद केसमध्ये आतलं एकही पान दिसत नाही. मी ती फोडली. आत वेताळाचाच अंक, पण दुसरा कुठलातरी. मधली दोन पानं झेरॉक्सची, पिना नव्या.

सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यातही गेले. तिथे पहिला प्रश्न आला: तुमची प्रत तुमचीच, हे कशावरून? माझ्याकडे पुढच्या कव्हरांचे फोटो होते. मागच्या कव्हराचा एकही नाही. तुम्ही कुणाच्याही हातात जुना अंक देणार असाल तर आधी मागची बाजू, पिना, आतल्या खुणा, लिहिलेली नावं, सगळ्याचे फोटो काढा आणि पावतीवर अंकाचा क्रमांक लिहून घ्या. मधला माणूस असेल तर अंक पाठवण्याआधी कंपनीच्या फॉर्मची प्रत मागा. ती न देणाऱ्याला अंक देऊ नका.

आणि ग्रेडिंग करायचंच का, हे आधी ठरवा. विकायचं असेल आणि वाढणारी किंमत फी, दोन्हीकडचं टपाल आणि विमा यांच्यापेक्षा जास्त असेल, तर विचार करा. मला विकायचं नव्हतंच. हळदीचा अंगठा ग्रेडिंगच्या हिशेबात दोष आहे, त्याचे गुण कापले जातात. माझ्या लेखी अंकाची सगळी किंमत त्या अंगठ्यात होती.

उरलेले सात अंक आता आईच्या कपाटात आहेत, साध्या पिशव्यांत. ती दुपारी काढून वाचते.

जुन्या बाजारात किंवा कुठल्याही ग्रुपवर मागच्या कव्हरावर, उजव्या कोपऱ्यात पिवळा अंगठा असलेला वेताळाचा मराठी अंक दिसला, तर कृपया मला कळवा. विकणारा म्हणेल ती किंमत द्यायला मी तयार आहे.